आवाज फुटतो

झाकण उघडलं आणि जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. रेडिओवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"सरळ भिंतीत लावलंत?"

"मीच लावलं," काका म्हणाले. "धूळ पुसायला खाली घेतलं होतं. परत लावताना मधला डबा राहिला."

काकू शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मशीन जळल्यापासून त्या काकांशी बोलत नव्हत्या. ताट वाढत होत्या, रक्तदाबाची गोळी तळहातावर ठेवत होत्या, पण शब्द म्हणून नाही. काकांना वाटे, दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मशीन म्हणजे जुना, स्पूलचा टेपरेकॉर्डर. तरुणपणी परदेशात नोकरीला असताना घेतलेला. तिकडची वीज एकशे दहा व्होल्टची, इथली त्याच्या दुप्पट. म्हणून इथे परतल्यापासून भिंत आणि मशीन यांच्यामध्ये व्होल्टेज उतरवणारा एक लोखंडी डबा असायचा. टेप मात्र एकच होती. तिच्यात त्यांच्या मुलाचा आवाज होता, सहा वर्षांचा असतानाचा, तिकडेच याच मशीनवर भरलेला. त्याच वर्षी तो तापाने गेला. दुसरं मूल झालं नाही. काकू रोज दुपारी, भांडी आवरली की, ती टेप लावून बसायच्या. मोबाईलमध्ये उतरवून देतो म्हणणाऱ्या भाच्यालाही त्यांनी टेपला हात लावू दिला नव्हता. आताही ती पर्समध्येच होती, सुखरूप. पण ती वाजवणाऱ्या मशीनचा कोळसा झाला होता.

"होईल ना हो?" काकांनी विचारलं.

"होईल. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळावा लागेल. मोटर वाचलीय, नशीब समजा. जळायच्या आधी काही तक्रार होती का?"

"छे, ठणठणीत होतं."

"आवाज फुटायला लागला होता," काकू म्हणाल्या. "गेली दोनेक वर्षं."

हे सांगताना त्या जरा खुलल्यासारख्या दिसल्या. रेडिओवाल्याला त्याचं नवल वाटलं, कारण तक्रार सांगताना कुणी खुलत नाही. "तेही काढून टाकू," तो म्हणाला.

रेडिओवाल्याला एक खोड होती. चूक दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. लग्नाला गेला तरी आधी तिथला माईक नीट करायचा, मग पंगतीला बसायचा. बायको म्हणायची, लोक तुम्हाला जेवायला बोलावतात की दुरुस्तीला, तेच मला कळत नाही. या मशीनवर तर त्याचा जीवच जडला. तार गुंडाळून झाली, मशीन सुरू झालं, तेव्हाच खरं तर काम संपलं होतं. पण त्याने स्वतःजवळची एक टेप लावून पाहिली आणि कान टवकारले. दुसरा कुणी असता तर पैसे घेऊन मोकळा झाला असता. हा पुढचा आठवडा त्यातच गुंतला.

मशीन पोचवायला तो स्वतः गेला. खिडकीजवळच्या मेजावर मशीनची जागा आधीच पुसून ठेवलेली होती. समोर एक वेताची खुर्ची, तिच्या पाठीला दुमडलेली शाल.

"काका, हे मशीन इथे आल्यापासून हळू चालत होतं," तो म्हणाला. त्याला राहवत नव्हतं. "तिकडच्या विजेची चालच वेगळी, त्या चालीवर ही मोटर पळते. तुमचा डबा व्होल्ट उतरवायचा, पण चाल कोण सांभाळणार? त्यात आतलं रबर झिजत गेलं. म्हणजे दरवर्षी आणखी थोडं हळू, आवाज आणखी थोडा जाड. रोज ऐकणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही. मी लेथवर नवी पुली करून घेतली, रबर बदललं. आता भरली होती तशी वाजेल. आणि ट्रान्सफॉर्मर इथल्या व्होल्टचा गुंडाळलाय, तेव्हा डबा टाकून द्या, सरळ भिंतीत लावा."

काकांनी प्लग हातात घेतला, पण त्यांची हिंमत झाली नाही. शेवटी रेडिओवाल्यानेच लावला. काकूंनी पर्समधून टेप काढून चढवली आणि बटण दाबलं.

"आई, लाल दिवा लागला. मी काय बोलू?"

पातळ, चिवचिवता आवाज. मागे एक तरुण बाई हसली, काहीही बोल म्हणाली. मग तो पाढा म्हणू लागला, मध्येच अडखळला, खुदकन हसला.

काका मशीनजवळ सरकले. "हाच," ते म्हणाले. "अगदी असाच बोलायचा गं तो. मी विसरलोच होतो." त्यांना रडू आवरेना.

काकू रडल्या नाहीत. टेप संपेपर्यंत त्या मशीनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वळून काकांकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांतला पहिला शब्द. "परत केवढासा झाला हो."

काकांना काही कळलं नाही. त्यांनी डोळे पुसले आणि बायको बोलली एवढ्यावरच ते हसले.

काकू रेडिओवाल्याकडे वळल्या. "ते जुनं रबर आहे का तुमच्याकडे?"

"कचऱ्यात गेलं, काकू. ठेवून काय करायचं? पार झिजलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात ना, आवाज फुटतो म्हणून?"

काकूंनी खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलली, पुन्हा घडी घातली आणि तिथेच ठेवली.

"फुटणारच ना," त्या म्हणाल्या. "वयात येत होता तो."