दीनाबाईची काडी

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी आमच्या गावच्या बायका चावडीपुढच्या कडुनिंबाखाली रोपांची अदलाबदल करायच्या. तिथं मिशन शाळेच्या मास्तरांच्या बायकोनं, दीनाबाईनं, माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, गुलाबाची काडी दिली. काडीच्या शेंड्याला शेणाचा गोळा लावलेला होता. बदल्यात आत्याबाईंनी वांग्याची रोपं दिली खरी, पण वाटेतच मला म्हणाल्या, "शेनाखाली काय झाकलंय कुनाला ठावं. लोकं काडी उकळत्या पान्यात बुडवून देत्यात, दुसऱ्याच्या दारात फुलू न्हाई म्हनून." घरी रॉकेलच्या जुन्या डब्यात त्यांनी ती स्वतः लावली. मला डब्याला हात लावू दिला नाही. महिनाभरात दीनाबाईच्या परसात वांगी तरारली, आमची काडी मात्र काळी पडली. मग डबा काखेत घेऊन आत्याबाई कडुनिंबाखाली गेल्या, मागोमाग मी. "हिच्याकडनं कुनी काय घेऊ नका," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "मेलेली काडी देती ही." दीनाबाईनं काडी अलगद उपसली, पदरानं माती पुसली आणि बायकांपुढं धरली. खालच्या टोकाला कोवळी पांढरी मुळं मोडलेली दिसत होती. "आक्का, ही रुजली हुती," ती म्हणाली. "पन कुनीतरी रोज उपटून बघतंय." आत्याबाईंनी सावकाश मान वळवून माझ्याकडं रोखून पाहिलं. "तूच का गं ती?" डब्याच्या कडेवर त्यांची बोटं होती. नखांत आजचीच ओली माती होती.