बंदूक कशासाठी हवी?

बाबांच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत संपली, तेव्हा लेकीला हायसं वाटलं. घरी ते बंदुकीला कुणाला हात लावू देत नसत. पण नूतनीकरणाला नेलं की साहेब चार प्रश्न विचारतील, सगळं ओळखतील आणि ती ब्याद जमा करून घेतील, अशी तिची अटकळ होती.

"साहेब, यांना हल्ली काही आठवत नाही हो," तिनं टेबलापाशी पोचताच सांगून टाकलं.

"आजोबा, बंदुकीचा नंबर?"

बाबांनी एका दमात सगळे आकडे म्हणून दाखवले.

साहेब खूश झाले. "काय ताई, उगाच बदनाम करता त्यांना! मला माझ्या स्कूटरचा नंबर सांगता यायचा नाही. बरं आजोबा, बंदूक हवी कशासाठी?"

बाबा पुढे झुकले. "घरात एक बाई शिरते. रोज, दिवेलागणीला. तिच्याकडे किल्लीसुद्धा आहे."

"हल्लीचे चोर किल्ल्याही बनवून घेतात," साहेबांनी मान हलवली.

"साहेब, ती बाई मीच आहे!" लेक कळवळून म्हणाली. "ऑफिसातून घरी येते मी तेव्हा!"

बाबा खो खो हसत सुटले. "ऐका! म्हणजे मी पोटच्या पोरीला ओळखणार नाही?"

साहेबही हसले आणि हसता हसताच त्यांनी शिक्का मारला.

बाहेर उन्हं उतरली होती. बाबांनी मायेनं तिचा हात धरला.

"पाय उचल, पोरी. ती यायची वेळ झाली."