शामरावांची फोर-व्हील

प्लांटमधून रिटायर झालेल्या शामरावांनी एक ऐटबाज स्टेशन वॅगन घेतली, जीपसारखी उंच केली आणि इंजिनचा जोर चारही चाकांना दिला. बायको म्हणाली, "येवढी महागाची गाडी, कावून तिचे हाल करून राहिले?"

"सर्वेवाल्या साहेबाले नाल्यापल्याड न्याचं हाय."

जामुलच्या पुढे त्या नाल्यापलीकडच्या गावात त्यांची बहीण सत्यभामा शाळेत शिकवायची. गेल्या पावसाळ्यात एक बाळंतीण नाल्याकाठी खाटेवरच दगावली, तेव्हापासून सत्यभामा पुलासाठी अर्ज करत होती. पुलाच्या सर्वेला येणारे साहेब मात्र दरवेळी पाणी पाहून अलीकडूनच परत फिरायचे.

ऑगस्टच्या भर पावसात शामरावांनी साहेबांना शेजारी बसवलं. पाणी बॉनेटला लागलं, चाकं दगडांवरून घसरली, पण गाडी एका दमात पलीकडे निघाली. अख्खं गाव धावत आलं.

"मानलं तुमाले, शामराव!" म्हणत साहेबांनी सीटवर बसल्याबसल्याच छापील फॉर्म भरला. शामरावांनी वाकून पाहिलं.

पावसाळ्यात चारचाकी गावापर्यंत पोचते का? होय.
पुलाची गरज? नाही.

शामरावांनी फॉर्मवर हात ठेवला. "साहेब, ही गाडी तं मी मुद्दाम बनवली! अशी दुसरी कोनापाशीच नाई!"

"गाडी कोनती, ते फॉर्मात विचारलंच नाई," साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर सत्यभामा छत्रीखाली निरांजन सांभाळत गाडीला ओवाळत होती. "दादा, आता पूल आला समज!"