बदामाची पानं झडेपर्यंत

"थांबा बाबा, एक राह्यलं," म्हणत चिन्मयनं फरशीवरचं लाल पान उचलून टोपल्यात टाकलं. "आता पाहा. पूरी वाट साफ."

गोपाळकृष्ण व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. समोर वॉकर होता. व्हरांड्यापासून फाटकापर्यंतची वाट चिन्मयनं खराट्यानं झाडून लख्ख केली होती. त्यांनी आधी वाट पाहिली, मग मान वर करून बदामाचं झाड पाहिलं.

"वर अजून आहेत ना," ते म्हणाले. "मी मधात गेलो अन् पायाखाली आलं त?"

"मी आहो ना बाजूले."

"उद्या पाहू."

चिन्मयनं लगेच मान डोलावली. खराटा उचलून तो पुन्हा झाडाखाली झाडायला लागला. तिथं झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर याच वाटेवर, दवानं भिजलेल्या पानावरून गोपाळकृष्णांचा पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं. फोन केला मात्र, चिन्मय हैदराबादहून हजर झाला. मोठमोठ्या बॅगा, गादीची वळकटी आणि प्रेशर कुकर घेऊन. पोरानं बापासाठी बिऱ्हाडच हलवलं म्हणून अलकनंदाबाईंचा ऊर भरून आला होता.

आता होळी तोंडावर आली होती. हाड जुळलं, भीती सोडा आणि चाला, असं डॉक्टरांनी संक्रांतीलाच सांगितलं होतं. पण वाटेवर पान दिसलं की गोपाळकृष्ण खुर्चीतून हलत नसत. कलेक्टर कचेरीत ज्यांच्या टेबलावरून अर्ध्या बालाघाट जिल्ह्याच्या रजा मंजुरीला गेल्या, ज्यांना भले भले साहेब वचकून असत, ते गृहस्थ आता झाडाच्या पानाला घाबरत होते. म्हातारपण माणसाची काय गत करील सांगता येत नाही.

अलकनंदाबाईंना वेगळीच काळजी लागली होती. त्यांचे वडील सरकारी नोकरीत, सासरे सरकारी नोकरीत, नवरा सरकारी नोकरीत. खाजगी कंपनीतलं त्यांना एवढंच ठाऊक होतं, की तिथं माणसाला उभ्या उभ्या काढून टाकतात. पोरगा किती दिवस असा खराटा घेऊन बसणार?

शेजारच्या भैयालालनं त्या दिवशी कुंपणावरून नेमकं तेच काढलं.

"क्या बात है चिन्मय, अभी तक छुट्टी चल रही है? बड़ी दिलदार कंपनी है भई तुम्हारी!"

"हाँ चाचा," चिन्मय हसला. "बाबा चलने लगें, फिर निकलता हूँ." आणि तो मागच्या खड्ड्यात टोपलं रिकामं करायला गेला.

जेवताना गोपाळकृष्णांनी विचारलं, "रजा वाढवली काय?"

"हौ."

"कोणती?"

चिन्मयनं घास गिळला. "मेडिकल."

"आजारी मी, अन् मेडिकल तुले?"

"आमच्याकडे चालते बाबा. ऑनलाइन असते सगळं."

"बरं आहे." गोपाळकृष्णांनी भातावर वरण वाढून घेतलं आणि पोह्याचा पापड मागितला.

अलकनंदाबाईंना मात्र घास गोड लागला नाही. हात धुताना त्या चिन्मयला म्हणाल्या, "तू जाय बाबू आता. मी पाहतो त्यांच्याकडे."

"असं अर्ध्यात सोडून कसा जाऊ आई?" तो म्हणाला. "झाड खाली होऊन राह्यलं. पानं संपली का चालतील ते." त्याच्या आवाजात इतकी माया होती, की त्यांनी हात पुसायला पदर पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडावर मोजकी पानं उरली होती. चिन्मयनं नेहमीसारखी वाट झाडली. दुपारी तो स्कूटर काढून बापाच्या गोळ्या आणायला गेला. अलकनंदाबाई भैयालालच्या घरी पापड लाटायला बसल्या होत्या. मसाला कमी पडला म्हणून त्या मागच्या दारानं घरी आल्या आणि खिडकीपाशीच थबकल्या.

गोपाळकृष्ण वाटेवर होते. वॉकर व्हरांड्यात राहिला होता. खड्ड्यातली पानं भरलेलं टोपलं त्यांनी कमरेवर घेतलं होतं, आणि धान फेकून पेरावं तशी मुठीमुठीनं ती पानं ते वाटेवर टाकत होते. पाय कुठं अडखळत नव्हता. फाटकापाशी एक जागा मोकळी दिसली, तर परत जाऊन तिथंही त्यांनी मूठभर टाकली.

अलकनंदाबाईंना आधी आनंदच झाला. चालतोय! आपला माणूस चालतोय! त्या धावत बाहेर आल्या.

"तुम्ही चालून राह्यले?"

गोपाळकृष्ण दचकले. मग त्यांनी उरलेली पानं शांतपणे झटकली. "हौ."

"कवापासून?"

"झाले बरेच दिवस."

तेव्हा कुठं बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आनंदाच्या जागी संताप उसळला. डोळ्यांत पाणी आलं.

"काहीच कसं वाटत नाही तुम्हाले? लेकरू रोज उठून तुमच्यासाठी झाडून राह्यलं, अन् तुम्ही तेच पुन्हा टाकून राह्यले? पोरगा जवळ पाह्यजे म्हणून हे सोंग? सगळे बाप म्हातारे होतात, कोणी असं करते काय?"

"हळू बोल."

"काहून हळू बोलू? येऊ द्या त्याले, आज सांगतोच मी. त्याची नोकरी जाईन ना अशानं!"

गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा आवाज आला. गोपाळकृष्णांनी टोपलं जिन्याखाली सरकवलं, तरातरा व्हरांडा चढून ते खुर्चीत बसले आणि वॉकर पुढ्यात ओढून घेतला. मग बायकोकडे पाहून अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"नोकरी असती त्याले, त मी कवाच चाललो असतो."