वर्षभराची जीभ

हौसाआत्तीनं ताज्या कांदालसूण चटणीचं बोट अश्लेषापुढं धरलं. “सांग बाई. तू चांगली म्हटल्याबिगर मी बरणी भरत नाही. हात चालंनात आता, ही शेवटचीच.”

अश्लेषाला ती नुसती राखेसारखी लागली. आपल्या रेसिपी चॅनेलचे करार ती एकटीच करायची, थकून जायची. कॅमेऱ्यापुढचं कौतुक खरं वाटावं म्हणून मसाला कंपनीनं सुई टोचून तिची जीभ बदलली होती; दिवाळीपर्यंत, वर्षभर, तिला फक्त त्यांचाच मसाला रुचणार होता. घरचं एक तिखट वगळा, एवढं करारात लिहून घ्यायचं तिच्याकडून राहिलं.

“आत्ती, मला कळंना गं. दिवाळीनंतर कळंल.”

आत्तीनं पहिल्यांदाच तिचं ‘चांगली’ न ऐकता बरणी भरायला घेतली.

“चटणी टिकंल तवर,” ती म्हणाली. “माझं काय सांगता येत नाही.”