मेंदूच्या नकाशाबाहेर

यंत्राने रेहाना मोमीन यांच्या मेंदूचा नकाशा काढला आणि दाखल्यावर छापलं : विशेष कौशल्य नाही. इचलकरंजीतले माग आपोआप चालू लागल्यापासून या दाखल्याशिवाय कुठेच काम मिळत नव्हतं. रेहानाबी जायला उठल्या.

"बसा हो," दाखले देणाऱ्या केंद्रातल्या शैला आवळे म्हणाल्या. "कारखान्यात लोक तुम्हाला कशासाठी हाक मारायचे?"

"माग बिघडेल असं वाटलं की. आधी आवाज बदलतो ना!"

"तो सगळ्यांना कळायचा?"

रेहानाबी परत बसल्या. "नाही... मलाच कळायचा."

"आणखी काय कळायचं?"

रेहानाबी तासभर बोलत राहिल्या. शैलाताईंनी छापील ओळ खोडून हाताने लिहिलं, 'मागाचा बिघाड आधी ऐकतात', आणि खाली सही केली. माणसाच्या सहीला अजून तेवढा मान होता.

पुढच्याच महिन्यात रेहानाबी स्वयंचलित मागांना स्वतःचा बिघाड आधीच ऐकायला शिकवू लागल्या.