गोन्ताची झोप

कायोकोने स्वेटरची बाही खांद्यापर्यंत सारली आणि अंगणातल्या टबात हात घातला. पाणी इतकं गार की बोटं क्षणात बधिर झाली. तळाशी कुजलेली पानं, चिखल, पुन्हा पानं. तिने चारी कोपरे चाचपले. मग दुसरा हात घालून पुन्हा चाचपले.

कासव नव्हतं.

तिने घराकडे पाहिलं. काचेच्या दारापलीकडे तिच्या सासूबाई, तोमिए, शेगडीजवळ बसून पेंगत होत्या. कायोकोने घाईघाईने टबावरची जाळी पुन्हा ताणली, तेव्हा तिला दिसलं की एका कोपऱ्यातली दोरी सुटलेली आहे. दर आठवड्याला टबात पाणी भरून ती दोरी बांधायचं काम तिचंच. डोंगरावरून तानुकी, कोल्ह्यासारखी रानटी जनावरं, उतरतात; झोपलेलं कासव उचलणं त्यांच्या डाव्या हातचा मळ. आपल्याच निष्काळजीपणामुळे गोन्ता गेला.

गोन्ताला तिच्या नवऱ्याने, शुन्जीने, आठ वर्षांचा असताना कालव्यातून खिशात घालून आणलं होतं. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. शुन्जी सप्टेंबरात गेला, अचानक. दर नोव्हेंबरात तोच गोन्ताला उत्तरेच्या भिंतीकडच्या टबात पानांखाली झोपवायचा आणि मार्चमधल्या हिगानच्या शेवटच्या दिवशी, पूर्वजांच्या थडग्यांना फुलं वाहून आल्यावर, उठवायचा. मधले चार महिने वरून पाणी घालण्यापलीकडे कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नेम. यंदा कायोको पेन्शनच्या कचेरीत गेली होती, त्या दिवशी सासूबाईंनी एकटीनेच ते काम उरकलं होतं.

"झोपवलं गं त्याला," त्या म्हणाल्या होत्या. "शुन्जीचा एवढाच श्वास उरलाय घरात. आता हिगानपर्यंत पानांखाली डोकावायचंसुद्धा नाही."

पण कायोकोला राहवेना. झोपलेलं कासव आणि मेलेलं कासव वरून सारखंच. शेवटी फेब्रुवारीतल्या या उन्हात तिने नेम मोडला.

"पाणी बघितलंस का टबातलं?" ती आत येताच सासूबाईंनी विचारलं.

"बघितलं, आई. काठोकाठ आहे."

"हात का लाल झालेत?"

"भांडी घासली."

आता काय सांगणार? मुलगा गेल्यापासून ही बाई चिमणीएवढं जेवत होती. गोन्ताचं नाव निघालं की तेवढ्यापुरती बोलायची. तो गेल्याचं कळलं तर ही उन्हाळा बघणार नाही, याबद्दल कायोकोला शंका नव्हती.

तिचा भाऊ तेत्सुओ शुन्जीच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला ओसाकाहून आला होता. "ताई, आता इथे काय ठेवलंय? माझ्याकडे चल," म्हणाला. सासूबाई समोरच चहा ओतत होत्या. म्हातारीला टाकून कशी येऊ, असं त्यांच्यादेखत म्हणणं कायोकोच्या जिवावर आलं. म्हणून ती म्हणाली, "आणि गोन्ताला कोण बघेल? तो आहे तोवर मी काही हलत नाही." तेत्सुओ हसला. "कासवासाठी राहणारी पहिलीच बाई!"

दुसऱ्या दिवशी कायोको दोन बस बदलून ओकायामाला गेली. तिसऱ्या दुकानात गोन्तासारखं कासव मिळालं. म्हातारं, नर, काळंकुट्ट. कुणीतरी घर बदलताना सोडून गेलेलं.

"दिव्याच्या उबेत राहिलंय हे," दुकानदार म्हणाला. "एकदम गार पाण्यात टाकाल तर मरेल. महिनाभर हळूहळू सवय लावा."

तो महिना कायोकोने चोरासारखा काढला. वरच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात, गाद्यांमागे, तिने कासव ठेवलं. दिवसाआड पाणी बदलायचं, तेही सासूबाई आंघोळीला गेल्या की. कासव मात्र भलतंच आगाऊ निघालं. ऐन जेवणाच्या वेळी भांड्यावर नखं खरवडायचं.

"वर उंदीर झालेत वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"वाऱ्याने दार हलतंय, आई."

"आणि हा वास? चिखलासारखा?"

"मोरी तुंबलीय."

सासूबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि मुळ्याचं लोणचं तोंडात टाकलं.

हिगानचा शेवटचा दिवस उजाडला. पहाटे कायोकोने कासव टबात सोडलं. दोघी थडग्यावर जाऊन आल्या, शुन्जीच्या फोटोपुढे ओहागी, म्हणजे भाताचे गोड लाडू, ठेवून झाले. सासूबाई काही टबाचं नाव काढेनात.

"आई, उठवायचं ना गोन्ताला?"

"आज गार आहे गं. पुढच्या आठवड्यात बघू."

"अहो, ऊन किती छान पडलंय."

"माझे गुडघे दुखतायत."

"मी धरते तुम्हाला. चला."

म्हातारी घाबरली आहे, कायोकोला वाटलं. तो मेलेला निघाला तर, हीच भीती. बिचारी! तिला आता किती आनंद होईल या विचाराने कायोकोला दिवसभरात पहिल्यांदा हलकं वाटलं. तिने सासूबाईंना जवळजवळ ओढतच नेलं, जाळी काढली आणि पानं बाजूला केली. पाणी हललं. काळं डोकं वर आलं आणि दोघींकडे बघू लागलं.

सासूबाईंनी टबाचा काठ धरला.

"बघा, आहे ना तुमचा गोन्ता!" कायोको म्हणाली. तिचा आवाज थोडा जास्तच चढला.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यांनी कायोकोचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"रागावू नकोस गं पोरी. तू ओसाकाला निघून जाशील म्हणून बोलले नाही," त्या म्हणाल्या. "गोन्ताला मी नोव्हेंबरातच, या हातांनी पुरलंय."